उष्ण, वजनदार ताऱ्याचं चुंबकक्षेत्र कसं मोजायचं

ओ आणि बी या सर्वांत तप्त वर्गांतले तारे तपासत गेलं, तर शंभरातल्या साधारण सातांवरच मोजता येईल असं चुंबकक्षेत्र सापडतं. 'माइम्स' या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणातून हा आकडा पुढे आला. त्यामुळे या कामात उतरणाऱ्यानं सुरुवातीलाच मनाशी धरावं की बहुतेक वेळा बरोबर उत्तर 'काही सापडलं नाही' हेच असणार. खालची पद्धत त्याच हिशेबानं मांडली आहे: क्षेत्र दिसलं, तर आधी ते खोटं पाडायचा प्रयत्न करायचा, आणि पडलंच नाही तर पुढे जायचं.

अडचण कुठे आहे ते आकड्यांत पाहू. चुंबकक्षेत्रात वर्णपटरेषा फुटते, हा झीमन परिणाम पदवीच्या वर्गात सगळ्यांनीच शिकलेला असतो. ५०० नॅनोमीटरची रेषा, लांदे गुणक (रेषा क्षेत्राला किती दाद देते त्याचं माप) १.२ आणि क्षेत्र १००० गाऊस (गाऊस हे क्षेत्राचं एकक) घेतलं, तर रेषा मध्यापासून सरकते ०.००१४ नॅनोमीटर. वेगाच्या भाषेत हे सेकंदाला जेमतेम ०.८ किलोमीटर झालं. उलट ताऱ्याच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यानं तीच रेषा सेकंदाला १०० किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त पसरलेली असते. म्हणजे फूट डोळ्यांना दिसण्याची आशा सोडायची. एनजीसी १६२४-२ हा तारा अपवाद. त्याचं ध्रुवाजवळचं क्षेत्र सुमारे २०,००० गाऊस आहे आणि त्याच्या काही रेषा खरोखर फुटलेल्या दिसतात. इतरांच्या बाबतीत आधार ध्रुवीकरणाचा. फुटलेल्या रेषेच्या दोन बाजूंचं वर्तुळाकार ध्रुवीकरण परस्परविरुद्ध असतं, म्हणून उजव्या आणि डाव्या ध्रुवीकरणाची वजाबाकी केली की रेषेच्या जागी वर-खाली अशी जोडलाट उरते. तिला स्टोक्स व्ही म्हणतात. तिची उंची सहसा अखंड वर्णपटाच्या, म्हणजे रेषांबाहेरच्या सपाट प्रकाशाच्या, एक हजारांशाच्या आसपास असते, बऱ्याचदा त्याहूनही कमी.

कोणता तारा घ्यावा

सरावासाठी टाउ स्कॉर्पाय घ्या (एचडी १४९४३८). वृश्चिकेत ज्येष्ठेच्या लाल ताऱ्याला लागूनच तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आपल्याकडे ज्येष्ठा नक्षत्राच्या तीन ताऱ्यांतला एक म्हणून तो मोजला जातो. वर्ग बी ०.२, पृष्ठतापमान ३१,००० केल्विनच्या पुढे, परिवलनकाळ सुमारे ४१ दिवस. तो इतका हळू फिरतो म्हणून त्याच्या रेषा सुईसारख्या बारीक आहेत, आणि नवशिक्याला हेच हवं असतं. मोजमापातली चूक रेषेच्या रुंदीच्या साधारण दीडाव्या घातानं वाढते. रुंदी १० वरून १०० किलोमीटरवर गेली की तेवढ्याच प्रकाशात चूक तीसेक पट होते. पहिलाच तारा भरधाव फिरणारा निवडला, तर महिनाभर गोंगाटच पाहावा लागेल.

नवे उमेदवार शोधायचे असतील तर काही खुणा आहेत. ओ ताऱ्यात कार्बनच्या ४६५ नॅनोमीटरजवळच्या उत्सर्जनरेषा शेजारच्या ४६४ नॅनोमीटरच्या नायट्रोजनरेषांच्या तोडीच्या दिसत असतील आणि एच-अल्फा ही हायड्रोजनची लाल रेषा ठरावीक काळानं कमी-जास्त होत असेल, तर तो तारा यादीत वर घ्या. बी ताऱ्यात हीलियमच्या रेषा वाजवीपेक्षा ठळक किंवा फिक्या असणं, 'टेस' उपग्रहाच्या प्रकाशमापनात एकाच आवर्तनकाळाची नियमित लाट दिसणं, जंबुपार वर्णपटातल्या कार्बन आणि सिलिकॉनच्या वाऱ्याच्या (ताऱ्यातून सुटणाऱ्या वायूच्या) रेषा बदलत राहणं, या खुणा उपयोगी पडतात. मात्र निव्वळ क्ष-किरण जास्त येतात म्हणून कुणावर संशय घेऊ नका, जोडताऱ्यांचे वारे एकमेकांवर आदळूनही तेच होतं.

माहिती कुठून आणायची

दुर्बिणीचा वेळ मागण्याआधी संग्रहातली निरीक्षणं वापरा. हवाईतल्या ३.६ मीटरच्या कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीवरचं 'एस्पाडॉन्स' आणि पिरेनीज पर्वतात पिक दु मिदीवरच्या २ मीटर दुर्बिणीवरचं 'नार्व्हाल', या दोन जुळ्या उपकरणांचे संस्कारित वर्णपट 'पोलारबेस' या संग्रहात फुकट मिळतात. त्यांची पृथक्करणक्षमता सुमारे ६५,००० आहे आणि आवाका ३७० ते १०५० नॅनोमीटर. दक्षिण आकाशासाठी चिलीतल्या ला सिया वेधशाळेवरचं 'हार्प्सपोल' आहे, त्याची पृथक्करणक्षमता १ लाखाच्या पुढे. चिलीतल्याच व्हीएलटी या महादुर्बिणीवरचं 'फोर्स' मंद ताऱ्यांपर्यंत पोचतं, पण त्याची पृथक्करणक्षमता फारच कमी. त्याच्या पहिल्या आवृत्तीवरून जाहीर झालेली अनेक क्षीण क्षेत्रं २०१२ मधल्या फेरतपासणीत टिकली नाहीत; उपकरणाच्या बारीकशा हालचालींनी येणारी चूक हिशेबात कमी धरली गेली होती. फोर्सच्या मोजमापात क्षेत्र अपेक्षित चुकीच्या पाचपट दिसलं तरी दुसऱ्या उपकरणाची साक्ष काढा.

एका मोजमापात चार उपनिरीक्षणं असतात. दोन ध्रुवीकरणांचे किरण शोधकाच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) दोन वेगळ्या जागी पडतात, म्हणून ध्रुवीकरणमापकातले काचेचे समभुज-चौकोनी ठोकळे मध्ये फिरवून किरणांची अदलाबदल करतात. मग चौघांची गुणोत्तरं एका विशिष्ट क्रमानं घेतली की शोधकाच्या खोडी कटतात आणि उरतो स्टोक्स व्ही. त्याच चार निरीक्षणांच्या जोड्या दुसऱ्या पद्धतीनं लावल्या, तर ताऱ्याचं ध्रुवीकरणही कटून जातं आणि काहीच उरायला नको. या दुसऱ्या वर्णपटाला आपण निरंक म्हणू, सरकारी तक्त्यात लिहितात तसा. या सगळ्या उद्योगातला सगळ्यात मोलाचा स्तंभ हाच आहे, आणि नवशिके सर्वांत आधी तोच काढून टाकतात.

फाइल उघडली की सहा स्तंभ दिसतील: तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये, तीव्रता, स्टोक्स व्ही, पहिला निरंक, दुसरा निरंक, चूक. पुढे जाण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, तरंगलांबी हवेतली आहे की निर्वातातली. रेषायादी एका प्रकारची आणि वर्णपट दुसऱ्या प्रकारचा असेल, तर सगळं सेकंदाला ८३ किलोमीटरनं सरकतं. अशा नेमक्या आकड्याचा वेग निघाला की समजून जावं. दुसरी, पृथ्वीच्या गतीची दुरुस्ती आधीच झाली आहे का. पोलारबेसमध्ये ती बहुधा झालेली असते. पुन्हा केली, तर रेषा ३० किलोमीटरपर्यंत भलतीकडे जाते आणि वेगवेगळ्या महिन्यांचे वर्णपट एकमेकांशी जुळेनासे होतात.

रेषांची यादी: खरा वेळ इथेच घालवा

एका रेषेतली लाट गोंगाटात बुडालेली असते. म्हणून शेकडो रेषा एकत्र करून एकच सरासरी रेषा काढतात. या रीतीचं नाव लीस्ट स्क्वेअर्स डीकन्व्होल्यूशन, बोलताना एलएसडी. ती १९९७ पासून रूढ आहे. सूर्यासारख्या ताऱ्यात यासाठी हजारो रेषा मिळतात, बी ताऱ्यात काहीशे, आणि ओ ताऱ्यात छाननीनंतर कधी पंधरा-वीसच उरतात. एवढ्या थोड्या रेषांत एक भलती घुसली तरी सरासरी नासते.

मूळ यादी 'व्हाल्ड' या अणुरेषांच्या कोठारातून मागवा. नोंदणी करावी लागते, उत्तर ईमेलनं येतं. 'एक्स्ट्रॅक्ट स्टेलर' हा पर्याय निवडून तापमान ३१,००० केल्विन, पृष्ठगुरुत्वाचा लॉगरिदम ४.२, खोलीची किमान मर्यादा ०.०१ आणि आवाका ३७० ते १००० नॅनोमीटर द्या. लांब स्वरूपातलीच यादी मागा, आखूड स्वरूपात काम अडतं. व्हाल्डच्या तरंगलांब्या सहसा अँगस्ट्रॉममध्ये येतात हे विसरलात, तर एकही रेषा जुळणार नाही. ही चूक निदान लगेच कळते तरी.

आता कात्री. हायड्रोजनच्या सगळ्या रेषा काढा, त्यांच्या पसरट पंखांचा आकार इतर रेषांसारखा नसतो. त्या पंखांत बसलेल्या छोट्या रेषाही काढा. हीलियमच्या रुंद रेषांचं काय करायचं, यावर एकमत नाही. टाउ स्कॉर्पायसारख्या बारीक रेषांच्या ताऱ्यात त्या नसलेल्या बऱ्या. ओ ताऱ्यात मात्र त्या काढल्या तर हातात फारसं काही उरतच नाही, तेव्हा दोन याद्या करा, हीलियमसह आणि हीलियमविना, आणि दोन्हींचं उत्तर छापा. ६८७ आणि ७६० नॅनोमीटरजवळचे वातावरणातल्या प्राणवायूचे पट्टे वगळा, तसंच ७२० च्या आसपासचे पाण्याच्या वाफेचे. ४४३, ५७८ आणि ५८० नॅनोमीटरजवळ आंतरतारकीय पट्टे असतात, तेही नकोत. ४६८.६ नॅनोमीटरची आयनित हीलियमरेषा आणि एच-अल्फा वाऱ्यात तयार होतात, पृष्ठभागावर नाही; त्या वगळा, पण फेकू नका, आवर्तनकाळ काढताना त्यांचीच गरज पडेल. तारा तेजोमेघात असेल, मृगाच्या बाणांखालच्या थीटा-१ ओरायनिस सी सारखा, तर मेघाच्या टोकदार उत्सर्जनरेषा हीलियमच्या रेषांच्या मधोमध बसलेल्या सापडतील.

व्हाल्डनं दिलेली खोली औष्णिक समतोल गृहीत धरून काढलेली असते आणि एवढ्या तप्त ताऱ्यात ते गृहीतक लंगडं पडतं. म्हणून प्रत्येक रेषा वर्णपटावर ठेवून डोळ्यांनी पाहा आणि खोली प्रत्यक्षात दिसते तेवढी करा. पायथनमधल्या 'स्पेकपोलफ्लो' या मुक्त संचात यासाठी माउसनं चालणारी खिडकी आहे. पहिल्या ताऱ्याला दोन दिवस लागतील. हे काम संगणकावर सोपवण्याचा मोह होतो. शेकडो ताऱ्यांच्या सर्वेक्षणात तो क्षम्य, एका ताऱ्यासाठी नाही.

सरासरी रेषा आणि निकाल

टाउ स्कॉर्पायसाठी वेगाचा पट्टा −२०० ते +२०० किलोमीटर आणि पायरी १.८ किलोमीटर ठेवा. पायरी शोधकाच्या ठिपक्याहून लहान केली तर शेजारचे बिंदू परस्परांवर अवलंबून राहतात आणि चूक खोटीच कमी दिसते. प्रमाण तरंगलांबी ५०० नॅनोमीटर आणि प्रमाण लांदे गुणक १.२ असं ठरवून टाका आणि कागदावर लिहून ठेवा. हेच दोन आकडे पुढच्या पायरीत पुन्हा लागतात. एकीकडे १.२ आणि दुसरीकडे १.० असं झालं, तर क्षेत्र २० टक्के चुकतं आणि आलेख मात्र अगदी छान दिसतो.

आता तीन आलेख एकाखाली एक काढा: व्ही, निरंक, तीव्रता. रेषेच्या रुंदीत व्ही सपाट आहे असं धरून, ही लाट केवळ योगायोगानं उठण्याची संभाव्यता काढा. ती एक लाखात एकपेक्षा कमी असेल तर क्षेत्र निश्चित, एक हजारात एक आणि एक लाखात एक यांच्यामध्ये असेल तर संशयित, त्याहून जास्त असेल तर निकाल नकारार्थी. हीच संभाव्यता निरंकासाठी काढा, आणि रेषेबाहेरच्या व्हीसाठीही. तिन्हींपैकी फक्त रेषेतल्या व्हीनंच उठाव दाखवला पाहिजे.

निरंकातही लाट दिसली तर? नेहमीचं कारण स्पंदन. बीटा सेफाय जातीचे तारे काही तासांत फुगतात-आक्रसतात, चार उपनिरीक्षणांच्या दरम्यान रेषा सरकते आणि वजाबाकीत बनावट लाट उरते. उपाय निरीक्षणाच्या वेळीच करावा लागतो: चौघांचा मिळून वेळ स्पंदनकाळाच्या विसाव्या भागाच्या आत ठेवायचा आणि हवं तर असे अनेक संच जोडायचे. एखाद्या उपनिरीक्षणात ढग आला किंवा शोधक संपृक्त झाला, तरी निरंक बिघडतो. तेव्हा तो संच बाद करा. रेषेबाहेर व्ही हलत असेल तर अखंड वर्णपटाची पातळी नीट बसलेली नाही.

क्षेत्र आहे की नाही हे जोडलाटेवरून ठरवायचं, सरासरी दृष्टिरेषीय क्षेत्राच्या, म्हणजे आपल्या दिशेनं असलेल्या क्षेत्राच्या सरासरीच्या, आकड्यावरून नाही. ताऱ्याचे दोन्ही चुंबकीय ध्रुव सारखेच दिसत असताना सरासरी शून्य येते, तरीही व्हीमध्ये लाट स्पष्ट असते. आकडाच पाहणारा अशा रात्री हातातला तारा घालवून बसतो.

सरासरी दृष्टिरेषीय क्षेत्राचा हिशेब असा: वेग गुणिले व्ही, यांचं रेषेच्या रुंदीवर संकलन करा आणि त्याला (१ − तीव्रता) च्या संकलनानं भागा. ५०० नॅनोमीटर आणि १.२ हे प्रमाण धरून, वेग किलोमीटर प्रतिसेकंदात असेल, तर भागाकाराला −११९० नं गुणलं की गाऊस मिळतात. वेग रेषेच्या गुरुत्वमध्यापासून मोजा. संकलनाची रुंदी रेषेच्या कडांपुरतीच ठेवा. सैल ठेवली तर दूरच्या बिंदूंचा गोंगाट मोठ्या वेगानं गुणला जातो. निरंकावरही हाच हिशेब चालवा, उत्तर चुकीच्या मर्यादेत शून्य आलं पाहिजे. टाउ स्कॉर्पायचा आकडा शंभर गाऊसच्या आत येईल. पृष्ठभागावर सुमारे ५०० गाऊस असूनही सरासरी एवढी कमी, कारण तिथलं क्षेत्र दोन ध्रुवांचं साधं नाही, गुंतागुंतीचं आहे. जोडताऱ्यात सोबत्याचा प्रकाश छेदात मिसळतो आणि क्षेत्र खरं आहे त्याहून कमी दिसतं. तिथे दोघांच्या रेषा आधी वेगळ्या करा.

आवर्तनकाळ आणि भूमिती

एका रात्रीच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. परिवलनाच्या चक्रात सारख्या अंतरानं विखुरलेली निदान दहा मोजमापं हवीत. या ताऱ्यांचं क्षेत्र वर्षानुवर्षं तसंच टिकतं, ते सूर्यासारखं घडत-मोडत नाही, त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांची मोजमापं एकाच चक्रात बसवता येतात. त्यासाठी आवर्तनकाळ अचूक लागतो: काळ १ दिवसाचा आणि चूक ०.०००१ दिवस, तर हजार फेऱ्यांनंतर चक्रात दहावा हिस्सा घसरण झालेली असते. एचडी १९१६१२ सारख्या ताऱ्याला एक फेरी मारायला ५३७ दिवस लागतात, तिथे बाजूला ठेवलेली एच-अल्फाच कामी येते.

आलेख एका साध्या साइन लाटेसारखा आला तर क्षेत्र मुख्यतः द्विध्रुवी आणि परिवलनाच्या अक्षाला कललेलं, असं धरून चला. समजा कमाल +५०० आणि किमान −३०० गाऊस मिळालं. गुणोत्तर −०.६. परिवलनाचा अक्ष दृष्टिरेषेशी ६० अंशांत असेल, तर चुंबकीय अक्षाच्या कलाची टँजंट = (१ + ०.६) ÷ (१ − ०.६) × ०.५७७ = २.३१, म्हणजे कल सुमारे ६७ अंश. ताऱ्याच्या कडेकडच्या काळवंडण्याचा गुणांक ०.३ धरला, तर ध्रुवाजवळचं क्षेत्र १८०० गाऊसच्या जवळ येतं. सरळ ठोकताळा हवा असेल तर कमाल आकड्याची साडेतीन पट, ध्रुवाजवळचं क्षेत्र निदान एवढं तरी असतंच. या दोन कोनांची अदलाबदल केली तरी आलेख तोच येतो. कुठला कोन कुठला, हे परिवलनाचा वेग आणि त्रिज्या स्वतंत्रपणे कळल्याशिवाय सांगता येत नाही. टाउ स्कॉर्पायला हा हिशेब लावू नका.

वारा अडतो का

तप्त ताऱ्यातून सतत वारा सुटतो. क्षेत्र त्याला कुठवर धरून ठेवतं, हे विषुववृत्तावरच्या चुंबकीय क्षेत्राचा वर्ग × त्रिज्येचा वर्ग ÷ (वस्तुमानाचा ऱ्हास × वाऱ्याचा अंतिम वेग) या गुणोत्तरावरून कळतं. थीटा-१ ओरायनिस सीसाठी करून पाहू. ध्रुवावर ११००, म्हणून विषुववृत्तावर ५५० गाऊस. त्रिज्या १० सौरत्रिज्या. ऱ्हास वर्षाला एका सूर्याचा एक कोटीवा भाग गुणिले ४. वेग सेकंदाला २५०० किलोमीटर. सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंदात उत्तर २३ येतं. त्याचं चौथं मूळ अधिक ०.३, म्हणजे तारकात्रिज्येच्या अडीच पटीपर्यंत वारा क्षेत्राच्या मुठीत असतो. केपलरची त्रिज्या, म्हणजे जिथे ताऱ्यासोबत फिरणारा वायू कक्षेत टिकू शकतो ती जागा, १५.४ दिवसांच्या परिवलनाला नऊ तारकात्रिज्यांच्या आसपास पडते. मूठ तिथवर पोचत नाही, म्हणून अडलेला वायू परत ताऱ्यावर कोसळतो. सिग्मा ओरायनिस ईमध्ये उलटं आहे: परिवलन १.१९ दिवसांचं, केपलरची त्रिज्या दोन-अडीच तारकात्रिज्यांवर, क्षेत्राची पकड त्याच्या कितीतरी पुढे, आणि मध्ये अडकलेले वायूचे ढग ताऱ्यासोबत फिरताना त्याला चक्क ग्रहण लावतात. ऱ्हासाचा आकडा मात्र सहज तिपटीनं चुकतो, तेव्हा या गुणोत्तराला दोन सार्थ अंकांपलीकडे किंमत देऊ नका.

रेडिओ स्पंद

बी आणि ए वर्गाच्या काही चुंबकीय ताऱ्यांकडून फेरीगणिक वर्तुळाकार ध्रुवीकरणाचे रेडिओ स्पंद येतात. सीयू व्हर्जिनिस या ताऱ्यात ते प्रथम सापडले. पुढची बरीचशी भर नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं घातली. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात झालेलं बरनाली दास आणि पूनम चंद्रा यांचं काम इथे पायाभूत आहे. २०२१ पर्यंत ज्ञात झालेल्या १५ अशा ताऱ्यांपैकी ११ जीएमआरटीवर सापडले होते.

स्पंद चुंबकीय अक्षाला जवळपास काटकोनात फेकले जातात, म्हणून दृष्टिरेषीय क्षेत्र शून्यातून जातं त्या सुमारास ते पृथ्वीकडे वळतात. वेळ मागताना दोन्ही शून्यांभोवती चक्राचा दशांश अलीकडे-पलीकडे एवढं अंतर घ्या. वारंवारता क्षेत्राशी बांधलेली असते, गाऊसला २.८ मेगाहर्ट्झ, ७०० मेगाहर्ट्झचा स्पंद मूळ वारंवारतेवर असेल तर २५० गाऊसच्या जागेतून येतो, दुपटीवर असेल तर १२५ गाऊसच्या. सुधारित जीएमआरटीचे ५५० ते ८५० मेगाहर्ट्झ आणि २५० ते ५०० मेगाहर्ट्झ हे दोन पट्टे सुरुवातीला पुरेत. तीव्रतेच्या मापासाठी थ्री-सी २८६ किंवा थ्री-सी ४८ हा ठाऊक तेजाचा रेडिओ स्रोत घ्या. संपूर्ण सत्राची एकच प्रतिमा काढली तर स्पंद सरासरीत विरतो; आकाशातले बाकीचे स्रोत वजा करून पाच-दहा मिनिटांच्या तुकड्यांनी, उजवं आणि डावं ध्रुवीकरण वेगळं ठेवून आलेख काढा. ताऱ्याचं नेहमीचं रेडिओ प्रारण याच वेळी सगळ्यात कमी असतं, त्यामुळे शून्याजवळची वाढ चटकन नजरेत भरते. उजवं कशाला म्हणायचं याचा संकेत मात्र दुर्बिणीगणिक बदलतो, एकाच दुर्बिणीच्या पट्ट्यांतही फरक असू शकतो. कुठला ध्रुव स्पंद फेकतोय हे लिहिण्याआधी ध्रुवीकरण आधीच माहीत असलेला एखादा स्रोत त्याच पट्ट्यात मोजून चिन्ह जुळवून घ्या.